गिअरचा धक्का आणि देवमाशाचे तेल

नवा खडू फळ्याशी काटकोनात धरून ओढला की अंगावर शहारे आणणारा आवाज येतो, हे शिक्षकांना सांगायला नको. खडू क्षणभर फळ्याला चिकटून राहतो. हात पुढे जातच असतो, त्यामुळे खडूवरचा ताण वाढतो. ताण पुरेसा झाला की खडू सुटतो, थोडा घसरतो आणि पुन्हा चिकटतो. सेकंदात शेकडो वेळा असे घडले की तो कर्कश आवाज तयार होतो. याच्या मुळाशी असलेला नियम आपण वर्गात शिकवतो : एखादी वस्तू हलवायला सुरुवात करताना जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती सरकती ठेवायला कमी जोर पुरतो. म्हणजेच स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते.

या साध्या नियमाने स्वयंचलित गिअरच्या मोटारी बनवणाऱ्या अभियंत्यांना बराच काळ छळले. गाडीने गिअर बदलताना बसणारा धक्का हा बऱ्याच अंशी या नियमाचाच प्रताप होता. त्यावर सापडलेला उपाय महासागरातून आला. तो उपाय सोडून द्यावा लागला तेव्हा नवेच दोष उद्भवले. ही हकिकत दोष कसा शोधावा याचा एक चांगला धडा आहे, म्हणून ती इथे मांडत आहोत.

गिअर लागतातच कशाला?

पेट्रोलच्या इंजिनाची एक खोड आहे. ते फार सावकाश फिरत असेल तर त्याच्यात जोर नसतो आणि थांबलेले असेल तर मुळीच नसतो. याउलट गाडीला सर्वांत जास्त जोर हवा असतो तो जागेवरून निघताना किंवा चढावर. म्हणून इंजिन भरभर आणि चाके सावकाश फिरतील अशी सोय करावी लागते. लहान दातेरी चाकाने मोठे दातेरी चाक फिरवले की वेग कमी होतो, पण फिरवण्याचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. गाडीने वेग घेतला की हे प्रमाण बदलायचे, म्हणजेच गिअर बदलायचा.

जुन्या गाड्यांत हे कौशल्याचे काम होते. एकमेकांत गुंतवायच्या दोन चाकांचे वेग जुळले नाहीत तर दात दातांवर आपटून करकर आवाज होई. चालकाला एका बदलासाठी दोनदा क्लच दाबावा लागे. गुंतण्यापूर्वीच चाकांचे वेग घर्षणाने जुळवून घेणारी योजना अमेरिकी अभियंता अर्ल थॉम्पसन यांनी तयार केली आणि ती १९२८ साली कॅडिलॅक गाडीत आली. तिला सिंक्रोमेश म्हणतात. पुढे याच थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये एक गट त्याहून मोठ्या प्रश्नाला भिडला. चालकाने काहीच न करता गाडीने आपला गिअर आपणच बदलावा, हा तो प्रश्न.

त्यांच्यापुढे दोन जुन्या कल्पना तयार होत्या. पहिली ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांची. मधोमध एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि या सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. यातले दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. एखादा भाग पट्ट्याने आवळून थांबवला की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. दोन भाग क्लचने एकत्र बांधले की सगळी माला एकसंध फिरते आणि प्रमाण १ होते. चाके गुंतवण्या-सोडवण्याची भानगडच राहत नाही. हेन्री फोर्ड यांच्या १९०८ सालच्या मॉडेल टी गाडीत अशी रचना होती, पण तिचे पट्टे चालकाला पायाने आवळावे लागत.

दुसरी कल्पना जहाजांकडून आली. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा असतो. जर्मनीतील श्टेटीन येथील व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ साली यावर द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोचवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर दुसरा वाऱ्याने फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घ्या आणि पंखे एका बंद डब्यात अगदी जवळ बसवा. झाला फॉटिंगर यांचा द्रवजोड. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण दोघांमध्ये फक्त तेल असते.

दोन माला, चार गिअर

या दोन कल्पनांच्या मिलाफातून हायड्रामॅटिक ही गिअरपेटी तयार झाली. १९३९ साली ती जाहीर झाली आणि १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवली गेली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ही पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही वापरली गेली.

तिची रचना गणिताच्या शिक्षकांना आवडावी अशी आहे. गिअर बदलासाठी पुढे एक आणि मागे एक अशा दोन ग्रहमाला. प्रत्येक मालेला एक पट्टा आणि एक क्लच. पट्टा आवळला की ती माला वेग कमी करते, क्लच धरला की ती एकसंध फिरते. युद्धोत्तर काळातील पेटीत पुढची माला १.४५ पट आणि मागची २.६३ पट वेग कमी करी. आता चार गिअर कसे होतात ते पाहा. पहिल्यात दोन्ही पट्टे : १.४५ गुणिले २.६३, म्हणजे सुमारे ३.८. दुसऱ्यात पुढचा क्लच आणि मागचा पट्टा : २.६३. तिसऱ्यात पुढचा पट्टा आणि मागचा क्लच : १.४५. चौथ्यात दोन्ही क्लच : १.

गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवी? तेलाचा दाब. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर गव्हर्नर नावाची गरगर फिरणारी वजने असत. गाडीचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि त्यांच्या झडपेतून येणारा दाब वाढे. दुसरा दाब चालकाच्या पायाखालच्या पेडलबरोबर वाढे. या दोन दाबांच्या मध्ये एक झडप. वेगाच्या दाबाने पेडलच्या दाबावर मात केली की झडप सरके आणि वरचा गिअर पडे. चालकाने पेडल जोरात दाबले तर बदल लांबे, कारण त्याला जोर हवा आहे हे झडपेला दाबातूनच कळे. विजेचा एकही मंडलभाग नसलेला हा एक छोटा संगणकच होता. तो तेलावर चाले एवढेच.

दोष शोधण्याचे तर्कशास्त्र

आता समजा, अशी गाडी दुरुस्तीला आली. इंजिन भरारते, पण दुसऱ्या आणि चौथ्या गिअरात गाडी ओढत नाही. पहिला आणि तिसरा मात्र ठीक आहेत. पेटी उघडण्यापूर्वी दोष सांगता येईल का?

वरची मांडणी पुन्हा पाहा. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरात समान काय आहे? पुढचा क्लच. तो घसरत असला पाहिजे. तिसरा आणि चौथा बिघडले असतील तर संशय मागच्या क्लचवर. पहिला आणि तिसरा बिघडले तर पुढचा पट्टा, पहिला आणि दुसरा बिघडले तर मागचा पट्टा. चारही बिघडले तर कोणा एकाला दोष न देता सर्वांना दाब पुरवणारा पंप आणि तेलाची पातळी पाहायची. आजही दुरुस्तीच्या पुस्तकांत असाच तक्ता असतो, फक्त क्लचांची आणि गिअरांची संख्या वाढली आहे. हे उदाहरण विद्यार्थ्यांना कोड्यासारखे घालून पाहण्याजोगे आहे. गाडी न पाहताही ते सोडवता येते.

पण सगळे दोष इतके सरळ नसतात. या पेटीतला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाण्याचा बदल पाहा. पुढचा क्लच सुटायला हवा आणि पट्टा आवळला जायला हवा. त्याच क्षणी मागचा पट्टा सुटायला हवा आणि क्लच धरायला हवा. चार कामे एकदम. सोडणे जरा लवकर झाले तर इंजिन मोकळे सुटून भरारते. धरणे जरा लवकर झाले तर दोन गिअर एकाच वेळी लागल्यासारखे होऊन गाडी हिसका खाते. झडपा, छिद्रे आणि स्प्रिंगा यांची मापे बदलून हा मेळ साधावा लागे.

आणि हा मेळ साधला तरी एक धक्का उरे. तो झडपांमुळे नव्हता, क्लचच्या चकत्यांमुळे होता.

कोंबड्याची शेपटी

हा क्लच तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा असतो. एक चकती पोलादाची, दुसरीवर घर्षक अस्तर, अशा त्या आळीपाळीने रचलेल्या असतात. तेलाचा दाब त्यांना एकमेकींवर दाबतो. सुरुवातीला त्यांच्या वेगांत मोठा फरक असतो आणि मध्ये तेलाचा थर असतो. हळूहळू तेल बाहेर ढकलले जाते, फरक कमी होत जातो आणि शेवटी शून्य होतो. नेमक्या या शेवटच्या क्षणी आपला वर्गातला नियम आडवा येतो. घसरणे थांबत आले की घर्षण गतिकाकडून स्थितिकाकडे जाते, म्हणजे एकदम वाढते. क्लचने पोचवलेल्या जोराचा आलेख काढला तर तो बराच वेळ सपाट जाऊन शेवटी तुरेबाज उसळी घेतो. अभियंते या उसळीला कोंबड्याची शेपटी म्हणतात. गाडीत बसलेल्याला ती मानेला बसणाऱ्या हिसक्याच्या रूपात कळते. काही वेळा चकत्या खडूसारख्याच चिकटत-घसरत राहतात आणि गाडी थरथरते.

गंमत अशी की ज्या १९३९ साली हायड्रामॅटिक जाहीर झाली, त्याच साली केंब्रिज येथे बोडन आणि लेबेन यांनी या चिकटण्या-घसरण्याच्या गतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी १९२२ साली विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी तेलाच्या अगदी पातळ थराचे वागणे तपासले होते. तेलाचा थर जाड असेल तर घर्षण त्याच्या दाटपणावर अवलंबून असते. पण तो रेणूंच्या जाडीएवढा उरला की रेणूंच्या रचनेला महत्त्व येते. काही लांब रेणूंचे एक टोक धातूला धरून राहते आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहतात. भाताच्या रोपांसारखे हे रान दोन पृष्ठभागांना एकमेकांना थेट भिडू देत नाही.

अभियंत्यांना नेमके हेच हवे होते. चकत्या वेगाने घसरत असताना घर्षण चांगले असावे, कारण त्यामुळेच क्लच पकडतो. पण घसरणे संपत येताना ते वाढू नये, उलट किंचित कमी व्हावे. म्हणजे पुस्तकातल्या नियमाच्या उलट वागणारे तेल हवे होते. असे रेणू असलेला पदार्थ थोड्या प्रमाणात तेलात मिसळला की कोंबड्याची शेपटी झडते.

हा पदार्थ निसर्गात तयार मिळत होता. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या प्रचंड डोक्यातून आणि चरबीतून निघणारे तेल इतर प्राण्यांच्या तेलांहून वेगळे असते. आपले तूप किंवा गोडे तेल हे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे बनलेले असते. हे तेल मात्र मुख्यतः लांब साखळीची अल्कोहोले आणि लांब साखळीची मेदाम्ले यांच्या जोडणीतून झालेले द्रवरूप मेण असते. ते उष्णतेला टिकते आणि धातूला चिकटून राहते. त्यावर गंधकाची प्रक्रिया केली की जड दाबाखालीही ते उपयोगी पडते. जनरल मोटर्सने १९४९ साली स्वयंचलित गिअरपेटीच्या तेलासाठी 'टाइप ए' हे मानक ठरवले. त्या पिढीतल्या तेलांत आणि १९६७ साली आलेल्या 'डेक्सरॉन'मध्येही घर्षणाला वळण लावण्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरले जाई.

समुद्राकडून आलेला निर्णय

देवमासा हे नाव पडले असले तरी तो मासा नाही. तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याच्या माद्यांना अनेक वर्षांच्या अंतराने एकेकच पिलू होते. १९६०च्या दशकात जगात दरवर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात होते. चामडे कमावण्यापासून वंगणांपर्यंत अनेक धंद्यांत त्यांचे तेल खपे आणि गिअरपेटी हे त्यांपैकी एक गिऱ्हाईक होते. अमेरिकेने १९७० साली स्पर्म व्हेलचा समावेश धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत केला आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. पुढे १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि तो १९८६पासून अमलात आला.

गिअरपेटीच्या तेलाला आता पर्याय शोधणे भाग होते. १९७३च्या सुमारास 'डेक्सरॉन-२' हे देवमाशाच्या तेलाशिवायचे नवे मानक आले. गिअरचा बदल त्याने चांगला सांभाळला. पण दोष दुसरीकडेच डोके वर काढू लागला.

गिअरपेटीचे तेल तापते, म्हणून ते थंड करण्यासाठी एका नळीतून फिरवतात. ही नळी बहुधा इंजिनाच्या रेडिएटरच्या टाकीतच बसवलेली असते. तिच्या आत तेल, बाहेर पाणी. नव्या तेलाने या शीतकाचे डाखलेले सांधे खाल्ले जाऊ लागले. सांधा गळला की पाणी तेलात शिरते. क्लचच्या अस्तरांतला कागदासारखा तंतुमय पदार्थ पाणी शोषून फुगतो, त्याचा गोंद सुटतो आणि क्लच घसरू लागतो.

आता त्या काळातल्या एखाद्या कारागिराचा विचार करा. त्याच्यापुढे गाडी येते ती घसरणाऱ्या गिअरची तक्रार घेऊन. वरच्या तक्त्याप्रमाणे तो क्लच शोधून काढतो आणि बदलतोही. पण शीतक तसाच ठेवला तर थोड्या दिवसांत गाडी परत येणार. दोष दिसतो क्लचमध्ये, त्याचे कारण रेडिएटरमध्ये, त्याचे कारण तेलाच्या घटकांत आणि त्याचेही कारण देवमाशांच्या घटत्या संख्येत! कायदा चुकीचा होता असा याचा अर्थ नव्हे. एका घटकाने आजवर किती कामे गुपचूप केली होती, हे तो काढून घेतल्यावरच कळले. देवमाशाचे तेल गिअरचा धक्का कमी करी, पण ते काय काय करते याची पूर्ण यादी कोणी केलेली नव्हती. 'चालते आहे ना, मग झाले' ही वृत्ती शास्त्राला आणि उद्योगाला कुठे नेते, याचा हा नमुना. पुढच्या सुधारित तेलात गंजरोधक द्रव्य घालून तो दोष दूर केला गेला.

कोणते तेल, कोणती पेटी

तेल हा गिअरपेटीचा एक भागच आहे, ही गोष्ट आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीने वेगळी वाट धरली. तिच्या 'टाइप एफ' तेलात घर्षणाला वळण लावणारे द्रव्यच नव्हते. चकत्या शेवटी कचकन धराव्यात आणि पुन्हा घसरू नयेत, म्हणजे झीज कमी होईल, असा विचार त्यामागे होता. त्या पेट्यांचे क्लचही तसेच बेतलेले होते. दोन्ही तेले लाल रंगाची, दिसायला सारखी. पण एकाची गाडी दुसऱ्याच्या तेलावर चालवली तर गिअर एक तर हिसका देऊन पडत किंवा घसरत. पेटी उघडून पाहिले तर काहीच मोडलेले दिसत नसे.

म्हणूनच अनुभवी कारागीर पेटीला हात लावण्यापूर्वी तेल पाहतो. पातळी बरोबर आहे का? रंग लाल आहे की काळपट? जळका वास येतो का? म्हणजे अस्तरे होरपळली. गुलाबी, दुधाळ फेस आहे का? म्हणजे पाणी शिरले. धातूचा चुरा आहे का? त्यानंतर दाबाचे माप, मग तक्ता आणि सर्वांत शेवटी पाना. स्वस्त आणि काहीही न मोडणारी तपासणी आधी, महाग आणि न फिरवता येणारी शेवटी. आम्ही प्रयोगशाळेत बिघडलेल्या उपकरणाशी झगडतो तेव्हाही हाच क्रम पाळावा लागतो, आणि डॉक्टरही रोग्याला तपासताना तो पाळतात.

आजच्या गिअरपेट्यांत गव्हर्नरची जागा संवेदकांनी आणि संगणकाने घेतली आहे. तो दोषाचा क्रमांकही दाखवतो. पण तो क्रमांक म्हणजे लक्षण असते, कारण नव्हे. घसरणारा क्लच त्याला कळतो. शीतक गळतो आहे किंवा कोणी भलतेच तेल भरले आहे, हे त्याला कळेलच असे नाही. भारतात २०१४ सालच्या मारुती सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत रुळलेला स्वयंचलित प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात नेहमीचीच गिअरपेटी आणि कोरडा क्लच असतो, फक्त पायाचे आणि हाताचे काम यंत्रणा करते. त्यामुळे ओल्या चकत्यांचे तर्क त्याला लावून चालत नाही. दोष शोधण्यापूर्वी समोरची पेटी कोणत्या जातीची आहे हे विचारणे आले ते यामुळे.

देवमाशाच्या तेलाला वनस्पतींतही एक जोडीदार सापडला. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटात जोजोबा नावाचे झुडूप वाढते. त्याच्या बियांच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग द्रवरूप मेणाचा असतो आणि त्याचे रेणू स्पर्म व्हेलच्या तेलातील रेणूंच्या जवळचे असतात. कोरड्या जमिनीत येणारे हे पीक राजस्थानातही लावले गेले. एका अवाढव्य सागरी प्राण्याने आणि एका वाळवंटी झुडपाने जवळपास सारखाच पदार्थ बनवावा, हे रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

शेवटी वर्गासाठी एक प्रयोग. लाकडी ठोकळ्याला रबरबँड बांधा आणि खडबडीत फळीवर तो अगदी सावकाश ओढा. ठोकळा सलग सरकत नाही. रबर ताणले जाते, ठोकळा उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. ओढण्याचा वेग वाढवा आणि उड्यांचे काय होते ते नोंदवा. मग ठोकळ्याच्या तळाला मेणबत्ती घासा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. रबर किती सेंटिमीटर ताणले गेल्यावर उडी पडली याचे दोन तक्ते मुलांना शेजारी शेजारी लिहायला सांगा. ताणाच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतले अंतर कोणत्या तक्त्यात कमी आहे, हे त्यांनीच सांगावे. गिअरपेटीच्या तेलावर काम करणारे शास्त्रज्ञही आपल्या यंत्रावर असेच दोन आकडे पाहत असतात.